सत्तेचाळिसावी पिशवी

१

माळीदादाचं प्रेत हौदातून बाहेर काढलं तेव्हा त्याच्या उजव्या अंगठ्यावरची पट्टी तशीच घट्ट होती. बाकी सगळं सैल पडलं होतं. हात, पाय, मान, आणि तीस वर्षं त्या रोपवाटिकेला धाकात ठेवणारा जबडा.

पहिल्या बसने दोन बायका फाटकाशी उतरल्या त्या नेमक्या याच वेळी. दोन तासांच्या प्रवासात दोघी शेजारी बसल्या होत्या आणि चार वाक्यांपलीकडे बोलल्या नव्हत्या. एक होती सरकारी अनुदान खात्यातली पडताळणी अधिकारी. रोपवाटिकांना आणि जंगलमालाच्या धंद्यांना सरकार पैसे देतं, ते जागेवर उगवतात की नुसते कागदावर, हे मोजत फिरण्यात तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. खात्यात तिला मागून सगळे ‘मोजपट्टी’ म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

दुसरी शहरातल्या दवाखान्यातली नर्स. आदल्या दिवशी कलमाच्या चाकूने बापाचा अंगठा कापला, म्हणून मलमाची डबी घेऊन निघालेली माळीदादाची एकुलती एक लेक.

ती रडली नाही. बापाशेजारी बसून तिने त्याचे डोळे मिटले आणि सवयीच्या बोटांनी डोकं चाचपलं.

“मागे खोक आहे,” ती म्हणाली.

“उडी मारताना काठ लागला असेल,” फौजदार म्हणाला. त्याचा पंचनामा मनातल्या मनात लिहून झालेला दिसत होता.

“उडी?”

उत्तर दिलं रोपवाटिका चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी. इस्त्रीचे कपडे, आवाजात सभेची सवय. “बाई, वाईट वाटतं सांगायला. गेल्या आठवड्यात आमच्या कारकुनाने रोपं मोजली. बारा हजार कमी. दोन वर्षं हा माणूस नोंदीच्या फळ्यावर ‘जिवंत’ म्हणून लिहीत होता आणि मागल्या दाराने विकत होता. काल मी जाब विचारला, तर म्हणाला, उद्या मोजणीवाल्या मॅडम येतायत, काय ते त्यांनाच सांगीन. सांगायला तोंड उरलं नाही, दुसरं काय.” मग ते मोजपट्टीकडे वळले. “तुमच्या फॉर्मात रकाना असतो ना, ‘रोपे कमी असल्यास कारण’? लिहून टाका, माळ्याने चोरी केली. विषय संपला.”

लेक उठून उभी राहिली. तिच्या साडीचा काठ हौदाच्या पाण्याने भिजला होता.

“माझा बाप चोर नव्हता,” ती मोजपट्टीला म्हणाली. “तुम्ही मोजायला आलात ना? मग मोजा. त्याशिवाय त्या रकान्यात एक अक्षर लिहू नका.”

२

अठ्ठावीस वर्षांत मोजपट्टीला अनेकांनी अनेक तऱ्हांनी विनवलं होतं. कोणी जेवायला बोलावलं, कोणी दम दिला. ‘मोजा’ असं कोणी म्हटलं नव्हतं. तिने पिशवीतून वही काढली आणि घड्याळात पाहिलं. साडेआठ.

सुरुवात तिने हौदाला लागून असलेल्या वाफ्यापासून केली. वर हिरवी जाळी, खाली मातीने भरलेल्या काळ्या पिशव्यांच्या रांगा. दर पिशवीत दोन बिया टोचलेल्या आणि दोन्ही रुजलेल्या, बोटभर उंचीचे दोन दोन अंकुर. फळ्यावर माळीदादाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं : ‘विरळणी सोमवारी.’ म्हणजे दोनातलं एक काढायचं काम सोमवारी. आज शुक्रवार होता.

पण पहिल्या रांगेत विरळणी झालेली होती.

ती चष्मा पुसून खाली बसली. पहिल्या पिशवीत एकच अंकुर उभा, दुसरा खुडून मातीवर आडवा टाकलेला. दुसऱ्या पिशवीत तेच. तिसरीत तेच. ती मोजत सरकली. सेहेचाळीस पिशव्या अशा होत्या. सत्तेचाळिसाव्या पिशवीत दोन्ही अंकुर होते, पण त्यातला एक बुडाशी चिमटलेला, सालीच्या धाग्यावर लोंबकळत होता. अठ्ठेचाळिसाव्यापासून पुढे कोणी हात लावलेला नव्हता.

खुडलेले अंकुर मलूल होते, पण हिरवे होते. मोजपट्टीने अठ्ठेचाळिसाव्या पिशवीतला एक अंकुर स्वतः खुडला, त्याच मातीवर ठेवला आणि वहीत वेळ लिहिली. मग उरलेली रोपवाटिका मोजायला गेली.

अकरा वाजता परत आली. तिचा अंकुर आता बाकीचे साडेआठला दिसले होते तेवढाच मलूल झाला होता. अडीच तास. साडेआठातून अडीच गेले की उरतात सहा.

“माळीदादा पंप किती वाजता सुरू करायचे?” तिने झाडलोट करणाऱ्या बाईला विचारलं.

“सहाला. घड्याळ चुकेल, दादा चुकायचे नाहीत. सातला कारकून आले तेव्हा हौदात दिसले.”

“आणि तुम्ही बाया?”

“आठला येतो आम्ही.”

मोजपट्टी हौदाच्या काठाकडे बघत राहिली. तिथून पहिली रांग हाताच्या अंतरावर होती. माळीदादाचा अंगठा तर पट्टीत बांधलेला, त्याला चिमूट धरता आली नसती. म्हणजे सहाच्या सुमाराला दुसरंच कोणी या काठावर बसलं होतं. दादा येण्याची वाट बघत होतं, आणि वाट बघता बघता सेहेचाळीस पिशव्या खुडून बसलं होतं. सत्तेचाळिसावीला दादा आला.

३

मोजणीत बारा हजार रोपं कमीच भरली. अध्यक्षांचं बोलणं तेवढ्यापुरतं खरं निघालं आणि मोजपट्टीला वाईट वाटलं. आपल्याला वाईट वाटतंय हे लक्षात येऊन ती स्वतःवर चिडली, कारण आकड्यांबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही असा तिचा नेम होता.

कारकून तिच्या मागे मागे फिरत होता. बारीक चणीचा, घाबरट माणूस. खतखड्ड्याच्या मागे छातीइतक्या उंच रचलेल्या पिशव्या दिसल्या तेव्हा तो घाईने म्हणाला, “त्या शिलकी आहेत मॅडम. जादा भरल्या गेल्या.”

“किती?”

“मोजल्या नाहीत.”

“गेल्या आठवड्यात सगळी रोपवाटिका मोजलीत, आणि एवढा ढीग राहिला?”

“आदेश रोपांचा होता. मातीचा नव्हता.”

तिने रास मोजली. उंची, लांबी, थर. बारा हजाराला थोड्या कमी. मग एक पिशवी फाडली. मातीत अंगठ्याच्या पेराइतक्या खोलीवर दोन बिया होत्या, काळ्या पडलेल्या, आत भुसा झालेल्या. दुसरी फाडली. दोन बिया, तितक्याच खोलीवर. दहा फाडल्या, वीस मेलेल्या बिया.

लेक केव्हाची मागे येऊन उभी होती.

“रोप विकलं की पिशवीसकट जातं,” मोजपट्टी तिला म्हणाली. “रोप काढून घेऊन पिशवी कोणी मागे ठेवत नाही. ही रोपं विकली गेली नाहीत, कारण ती उगवलीच नव्हती. तुमचा बाप चोर नव्हता.”

लेकीने डोळे मिटून घेतले. पण मोजपट्टीचं बोलणं संपलं नव्हतं, आणि पुढचं तिला सांगवत नव्हतं.

“पण फळ्यावर दोन वर्षं त्यांनी ही जिवंत म्हणून लिहिली. अक्षर त्यांचंच आहे. हे बी कुठून आलं?”

कारकुनाने घसा साफ केला. “जंगलमालाच्या शेडमधून. नियमाप्रमाणे पावती आहे. बी गोळा करण्याचं अनुदान त्या शेडलाच मिळतं.”

“शेड कोणाची?”

“यांच्या काकांची. माळीदादांच्या धाकट्या भावाची.” तो जरा घुटमळला. “दादा आज मॅडमना काहीतरी सांगणार आहेत, हे मीच काल संध्याकाळी त्यांच्या कानावर घातलं. भाऊ म्हणून. माझा काही हेतू नव्हता.”

मोजपट्टी लेकीला घेऊन जाळीखालच्या वाफ्याकडे आली. “ही विरळणी कोणाच्या हातची आहे?”

लेक रांगेवर वाकली. एकेक अंकुर बघत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. “बायांची नाही. त्या कात्रीने कापतात आणि उंच रोप ठेवतात. इथे बघा, आखूड आहे तरी सरळ तेच ठेवलंय. उंच पण वाकडं खुडलंय, मातीलगत, नखाने. मूळ हललेलंही नाही. ही बाबांची रीत. उंच नाही, सरळ ठेवायचं.”

“ही रीत त्यांनी कोणाकोणाला शिकवली?”

“बायांना नाही. त्यांना दिवसाला हजार पिशव्या करायच्या असतात, नखं झिजतील म्हणायचे.” ती थांबली. बोलण्यातून काय निघणार हे तिच्याही आता लक्षात आलं होतं. “दोघांनाच शिकवली. मला आणि काकाला.”

४

पहाटे साडेपाचला सुटलेल्या बसमध्ये लेक मोजपट्टीच्या शेजारी बसली होती. गणित शाळेतलं होतं आणि उत्तर एकच येत होतं. पण उत्तर आलं म्हणून मोजपट्टी कधी सही करत नसे. ताळा झाल्याशिवाय तिचं पेन उघडायचं नाही.

शेड रस्त्यापलीकडे होती. मोजपट्टी तिथे एकटीच गेली. आत मधाचे डबे, डिंकाची पोती, बांबूच्या जुड्या, आणि कोपऱ्यात तेल काढायचं कोरं यंत्र, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. धाकटा टेबलामागे बसला होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. ते सोंग नव्हतं. रडं खरं होतं.

“पोरीने काही खाल्लं का?” हा त्याचा पहिला प्रश्न.

“नाही.”

“तिला म्हणावं, चहा तरी घे. दादा गेला म्हणजे आता मीच आहे तिला.”

बोलताना त्याचे हात स्वस्थ नव्हते. डिंकाचा खडा घेतला, वळला, ठेवला. बाटलीवरचं लेबल नखाने उचकटलं, परत चिकटवलं. मोजपट्टीने ते पाहिलं.

“रोपवाटिकेत शेवटचे कधी गेला होतात?”

“दोन वर्षं झाली. फाटकात पाय ठेवला नाही. दादाशी वाजलं होतं.”

“कशावरून?”

“भावाभावांत कशावरून वाजतं? त्याला वाटायचं मी कामचोर, मला वाटायचं तो हेकट.” त्याचा आवाज फाटला. “आईबाप गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्याने मला याच वाफ्यांमधून वाढवला. वाफ्याच्या कडेला बसवायचा आणि म्हणायचा, हात रिकामे ठेवू नकोस.”

“बी चांगलं दिलं होतंत?”

“उत्तम दिलं होतं. त्याने काय केलं त्याचं, देव जाणे.”

मेलेल्या भावावर ढकलायला एवढाही वेळ लागला नाही, हे मोजपट्टीला फार लागलं. तिला त्याची कीव येत होती, ती त्या एका वाक्यात गेली. ती उठली.

“मध बघायचा राहिलाय,” ती म्हणाली. “तुमच्या शेडचीही पडताळणी माझ्याकडेच आहे. तासाभराने येते.”

५

ती परत आली तेव्हा बरोबर फौजदार होता. तो यायला तयार नव्हता. “बाई, खुडलेल्या पाल्यावर कोणाला अटक होत नसते,” असं वाटेत तीनदा म्हणाला. ती म्हणाली, “तुम्ही फक्त बसा आणि माझ्याकडे नका बघू. त्याच्या हातांकडे बघा.”

मोजपट्टीच्या हातात एक पिशवी होती. ती तिने सहज टेबलावर ठेवली, धाकट्याच्या आणि तिच्या मधोमध, आणि वही उघडली.

“मधाचे डबे किती?”

“चाळीस.”

“गाळलेला की कच्चा?”

“निम्मा निम्मा.” त्याची नजर यंत्रावर होती. “गाळायला माणसं मिळत नाहीत.”

“डिंक कुठून येतो?”

“वरच्या रानातून. आता झाडं उरली नाहीत पूर्वीसारखी. पूर्वी कसं, दादा आणि मी...”

त्याचा उजवा हात पुढे गेला. पिशवीत दोन अंकुर होते, त्यातला एक सालीच्या धाग्यावर लोंबत होता. अंगठा आणि तर्जनी मातीलगत गेली, नख टेकलं, आणि अंकुर तुटला. तो त्याने अलगद मातीवर आडवा ठेवला. उरला तो आखूड होता, पण सरळ होता. मग हात परत लेबलाकडे गेला. आपण काही केलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

फौजदाराने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“ही सत्तेचाळिसावी,” मोजपट्टी म्हणाली. “सकाळी अर्धी राहिली होती.”

धाकट्याने खाली पाहिलं. आधी पिशवीकडे, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. नखात हिरवा डाग होता.

“सहाला तुम्ही हौदाच्या काठावर बसला होतात,” ती सावकाश सांगत गेली. “माळीदादा पंप लावायला येणार हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि ते आज मला काय सांगणार हेही. कारकुनाने सांगितलं होतं. वाट बघताना हात रिकामे राहीनात. सेहेचाळीस पिशव्या तुम्ही नखाने खुडल्यात, उंच टाकून सरळ ठेवलंत. ही रीत दोघांनाच येते, आणि त्यातली एक तेव्हा माझ्या शेजारी बसमध्ये होती. सत्तेचाळिसावीला ते आले. त्या बारा हजार पिशव्यांत मेलेलं बी आहे. ते बी तुमचं.”

तो बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता.

“ते बी झाडावरून पडल्यावर महिनाभरात रुजवावं लागतं. वाळलं की मेलं. ताजं बी बाहेरचे लोक जास्त भावाने घेत होते. मी ते विकलं आणि आदल्या वर्षीचं दादाला दिलं. पहिल्या वर्षी काही उगवलं नाही. दादा खूप बोलला, पण फळ्यावर लिहिलं, जिवंत. म्हणाला, पुढच्या वर्षी भरून काढ. पुढच्या वर्षी हे यंत्र आलं, पैसे त्यात गेले.” त्याने प्लास्टिककडे बघितलं. “मी परत तेच केलं. त्याने परत तेच लिहिलं.”

“आणि आज?”

“पाया पडलो त्याच्या. एवढं एक वर्ष म्हणालो. तो म्हणाला, अध्यक्ष मला चोर म्हणतो. लोकांनी काही म्हणो, पोरीला तोंड दाखवायचंय मला. मी त्याचा हात धरला, त्याने झटकला. मी परत ओढला. मागे शेवाळ होतं. डोकं काठावर आपटलं आणि तो आत गेला.”

“हौद छातीइतका आहे,” मोजपट्टी म्हणाली. तिने तोही मोजला होता. “हात घातला असता तर वर आला असता.”

“आला असता.”

“मग?”

“उभा राहिलो,” धाकटा म्हणाला. “वाटलं, आता तो सांगणार नाही.”

६

फौजदार त्याला घेऊन गेला तेव्हा लेक शेडच्या दाराशीच होती. तिने सगळं ऐकलं होतं. काका तिच्यासमोर थांबला, काही बोलायला गेला. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण वाट सोडून बाजूला झाली, जसं दवाखान्यात स्ट्रेचर जाताना होतात.

दुपार कलली होती. अध्यक्ष दोनदा येऊन गेले आणि दोनदा घाम पुसून परत गेले. संस्थेचं अनुदान आता थांबणार हे त्यांना कळून चुकलं होतं, आणि बाकी कशाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. मोजपट्टी वाफ्याच्या कडेला पालथ्या घमेल्यावर बसून फॉर्म भरत होती. त्या रकान्यापाशी येऊन थांबली आणि लेकीला हाक मारली.

“वाचते, ऐका. ‘रोपे कमी असल्यास कारण : पुरवलेले बियाणे मृत होते. रोपे उगवलीच नाहीत. माळ्याने चोरी केलेली नाही.’ एवढंच लिहिते. फळ्याचं लिहायची गरज नाही. माणूस गेला, प्रश्न चोरीचा होता, त्याचं उत्तर झालं.”

अठ्ठावीस वर्षांत तिने फॉर्मात जाणूनबुजून काही गाळण्याची ही पहिली वेळ होती.

लेक त्या रकान्याकडे बघत राहिली. इतका वेळ कोरडे राहिलेले तिचे डोळे आता भरून आले होते.

“बाबा आज तुम्हाला काय सांगणार होते?” तिने विचारलं.

“बियाणं मेलं होतं, हे.”

“आणि आपण दोन वर्षं खोटं लिहिलं, हे. ते सांगायला निघाले म्हणून गेले ना?” तिने पदराने डोळे पुसले. “मग तेही लिहा. त्यांना सांगायचं होतं ते अर्धं नका ठेवू.”

मोजपट्टीने लिहिलं. ‘माळ्याने दोन वर्षे खोटी नोंद केली. आज सकाळी ती दुरुस्त करण्याचा त्याचा इरादा होता.’ तिने खाली सही केली आणि पेनाचं टोपण लावलं. चुकीचं काही राहिलं नव्हतं, तरी समाधान म्हणून वाटलं नाही.

शेवटची बस साडेपाचला होती. “येताय?” तिने विचारलं.

“नाही. बाबांना उद्या ताब्यात देणार आहेत.”

मोजपट्टी फाटकापर्यंत गेली आणि वळून पाहिलं. सत्तेचाळिसावी पिशवी आता पोलिसांकडे होती, रांगेत तेवढी जागा मोकळी दिसत होती. लेक त्या मोकळ्या जागेपाशी उकिडवी बसली होती. अठ्ठेचाळिसावी मोजपट्टीने आधीच खुडलेली होती, ती तिने बघून सोडली. एकोणपन्नासाव्या पिशवीतले दोन अंकुर तिने निरखले, वाकड्याला मातीलगत नख लावलं आणि खुडून आडवं ठेवलं. मग पुढची पिशवी. फळ्यावर सोमवार लिहिलेला होता, पण या रीतीने हे काम करायला आता ती एकटीच उरली होती.